परदेशांतून आलेल्या अस्थि

पुत्रशोकाची कथा आमच्या इतिहासास नवी नाहीं. ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं विश्वासराव पानिपतावर पडले आणि जूनमध्यें नानासाहेब पेशवे पर्वतीवर निवर्तले. पित्याचा शोक असा पांच महिन्यांत, त्याच्या मृत्यूबरोबरच संपला. भाऊसाहेबांच्या मृत्यूविषयीं मात्र संशय राहिला, आणि संशयाला अंत नसतो. भाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला. कोंकणांतले किल्लेही कांहीं काळ त्याच्या हातीं गेले. १७७६ सालीं त्यास देहान्त शिक्षा झाली तेव्हांच तें प्रकरण मिटलें. पण पार्वतीबाईंनीं वैधव्य मानलेंच नाहीं.

हें स्मरण्यास निमित्त झालें तें महेश भट्ट यांच्या ‘सारांश’ ह्या १९८४ सालच्या हिंदी बोलपटाचें. प्रधान हे शिवाजी पार्काजवळ राहणारे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा मुलगा अजय न्यूयॉर्क येथें लुटारूंच्या हातून मारला जातो. प्रधानांची भूमिका करणारे अनुपम खेर तेव्हां तिशीच्याही आंतले होते, हें पाहतांना ध्यानांत येत नाहीं. रोहिणी हट्टंगडी यांनीं रंगविलेल्या त्यांच्या पत्नीचें नांवही पार्वतीच; हा निव्वळ योगायोग असावा, पण इतिहास शिकविणाऱ्याला तो चुकवितां येत नाहीं.

१९६५ सालीं अमेरिकेनें परदेशीयांविषयींचा आपला कायदा बदलला आणि आमच्या सुशिक्षित घरांतील मुलांना तो देश मोकळा झाला. तिकडून घरीं येई तें कौतुकाचें: पत्रें, छायाचित्रें, यंत्रें. प्रधानांच्या घरीं अस्थि येतात, आणि त्याही कस्टम्सच्या कचेरींतून सोडवून आणाव्या लागतात. दूरचित्रवाणी-संच किंवा शीतकपाट सोडविणाऱ्यांच्या गर्दींत हा वृद्ध शिक्षक उभा असतो, आणि आपण मालासाठीं नव्हे, मुलाच्या अस्थींसाठीं आलों आहों असें त्याला फोडून सांगावें लागतें. ह्या प्रवेशाची स्तुति पुष्कळ झाली, पण ती बहुधा सरकारी दिरंगाईवरील टीका म्हणून. मला त्यांतली मुख्य गोष्ट निराळी वाटते. आमचे तेरा दिवसांचे विधि देह समोर आहे असें गृहीत धरून रचिले आहेत. येथें प्रेत नाहीं, अग्नि देणें नाहीं. आहे ती सही करून ताब्यांत घेतलेली पेटी. बुद्धिवादी प्रधानांना तेवढी पुरते, पार्वतीबाईंना पुरत नाहीं. भाडेकरीण सुजाता हिच्या पोटीं अजयच जन्म घेणार अशी त्यांची दृढ समजूत होते.

ह्या समजुतीला अंधश्रद्धा म्हणून हंसणारे प्रेक्षक मीं पाहिले आहेत. शनिवारवाड्यांतील पार्वतीबाईंना मात्र कोणी हंसत नाहीं. दोघींनींही मृत्यु पाहिलेला नव्हता, कानांवर आला होता. अखेरीस त्या मुलावर अजयचें ओझें पडूं नये म्हणून प्रधान सुजातेला व तिच्या विलासला दूर पाठवितात, आणि घरांत पुन्हा दोघेंच उरतात. वाशी-नेरुळच्या किती तरी घरांत आज अशींच दोघें राहतात. त्यांचीं मुलें हयात आहेत, रविवारीं पडद्यावर दिसतात, आणि तो फोन वेळेवर आला नाहीं म्हणजे आईचा स्वयंपाक तसाच राहतो.