दोनशे पिक्सेलचा डबा

२००५ च्या आसपास आकुर्डी-चिंचवडच्या लघुउद्योजकांना वेबसाइट हवी असायची ती बाहेरच्या खरेदीदाराला दाखवायला. प्रेस शॉपवाले, टूल रूमवाले, पावडर कोटिंगवाले. बरेचसे बजाज ऑटोच्या कामावर वाढलेले. मी त्यांची पानं बनवायचे. माझ्याकडे फायरफॉक्समध्ये सगळं जागच्या जागी दिसायचं आणि मालकांचा फोन यायचा, ‘‘मॅडम, उजवीकडचा रकाना पार तळाला गेलाय.’’ त्यांच्या ऑफिसात विंडोज एक्सपीबरोबर आलेला इंटरनेट एक्स्प्लोरर ६ असायचा.

ब्राउझरांमधलं भांडण मोजमापाचं होतं. समजा डब्याची रुंदी २०० पिक्सेल, दोन्ही बाजूंना २०-२० चं पॅडिंग आणि १-१ ची किनार. पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसच्या नियमाप्रमाणे रुंदी म्हणजे फक्त आतला मजकूर, म्हणून डबा भरतो २४२. विंडोजवरचा एक्स्प्लोरर ५ मात्र सगळं २०० तच बसवायचा. सहाव्या आवृत्तीनं नियम मानला, पण पानाच्या माथ्यावर योग्य डॉकटाइप, म्हणजे पान कुठल्या नियमांनी लिहिलंय हे सांगणारी ओळ, असेल तरच. त्याच्या वर एक्सएमएलची एक ओळ आली, तरी स्वारी जुन्या हिशेबावर! हा घोळ व्हर्नियर हाताळणाऱ्या मालकांना समजावणं सोपं होतं: एक जण आतला व्यास मोजतोय, दुसरा बाहेरचा.

काही दोषांना मात्र कसलाच हिशेब नव्हता. डावीकडे फ्लोट केलेल्या डब्याला डावं मार्जिन, म्हणजे बाहेरची मोकळी जागा, दिलं की एक्स्प्लोरर ६ ते दुप्पट करायचा. ‘डिस्प्ले: इनलाइन’ लिहिलं की सुतासारखा सरळ. ब्राउझर आपल्या पदरची मार्जिनं घालायचे ते वेगळंच. २००७ मध्ये एरिक मायरचं रीसेट आलं आणि ती आधी शून्यावर आणून मग पान रचायची पद्धत रुळली.

मराठी पानांचं दुखणं आणखी निराळं. युनिकोड रुजण्याआधी एक्स्प्लोररसाठी ईओटी आणि नेटस्केपसाठी पीएफआर असे वेगळे फॉन्ट पानाला जोडत. फायरफॉक्सला दोन्ही चालत नसत. मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसायचा. शब्दांची रुंदी बदलली की मेनू दोन ओळींत फुटायचा. युनिकोड आल्यावरही इंग्रजीच्या मापानं उंची बांधलेल्या बटणावर ‘संपर्क’चा रफार छाटला जायचा. तिथं उंचीच सैल सोडावी लागे.

१५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० वरच्या एक्स्प्लोररचा आधार काढून घेतला. त्याचं जुनं मोजमाप मात्र ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ या नावानं सीएसएसमध्ये आलं आणि आज कित्येक जण स्टाइलशीटच्या सुरुवातीलाच ते लिहितात. रकान्यांचा हिशेब करायला तेच सोयीचं पडतं. आम्ही ज्याला शिव्या घालत होतो ते माप वाईट नव्हतंच. ‘रुंदी’ या एकाच नावाखाली दोन मापं चालत होती, आणि दुरुस्तीचे पैसे त्याचेच मिळत होते.