विद्यापीठ निवडावे कसे?

दोन-तीन नामांकित विद्यापीठांची बोलावणी एकदम हाती आली की मुलगा गोंधळतो, आणि त्याचे वडीलही. आम्हांला वाटते, हा पेच आजचा नव्हे. सुमारे आठशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या विद्यार्थ्यांपुढे तो असाच उभा राहिला होता.

१२२९ साली पॅरिसच्या एका गुत्त्यात दारूच्या हिशेबावरून भांडण जुंपले. ते वाढत गेले आणि शिपायांच्या हातून काही विद्यार्थी ठार झाले. दाद लागेना, तेव्हा गुरुजनांनी पाठ बंद केले आणि गुरुशिष्य पांगले. लगोलग बोलावणी आली. इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने कळविले, ‘आमच्या राज्यात या, हवे ते गाव निवडा.’ तुलूझच्या नव्या विद्यापीठाने तर पत्रकच काढले : येथे अन्न स्वस्त, दारू स्वस्त, शिवाय पॅरिसमध्ये १२१० पासून बंदी असलेले ॲरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ येथे खुशाल ऐका!

कोणी ऑक्सफर्डला गेले, कोणी तुलूझला. पण १२३१ मध्ये नवव्या ग्रेगरी पोपने अन्याय झाल्यास पाठ बंद करण्याचा गुरुजनांचा हक्क मान्य केला आणि पुष्कळजण पॅरिसला परतले. पुढे १२५५ साली पॅरिसने तेच निषिद्ध ग्रंथ अभ्यासक्रमात नेमले!

तेव्हा शिष्यवृत्तीचा आकडा पाहावा, खानावळही पाहावी. परंतु तेथे शिकवतो कोण आणि विचाराला मोकळीक किती, हे आपण आधी विचारावे.