अस्सलबरहुकूम

निजामाच्या राज्यात कचेरीतून कागदाची नक्कल मिळे, तेव्हा तिच्या तळाशी उर्दूत तीन शब्द असत : 'नक्ल मुताबिक असल'. मराठी दप्तरात यालाच 'अस्सलबरहुकूम' म्हणत. माझे वडील हैदराबाद संस्थानात उर्दू माध्यमातून शिकले, त्यामुळे घरात ती लिपी आली. नांदेडला वजिराबादेत आमचा छापखाना होता, त्यामुळे खिळे आले. छापखाना कधीच बंद झाला. पण या दोन गोष्टींच्या जोरावर लोक अजून माझ्याकडे येतात. कुणी आजोबांची सनद आणतो, कुणी १९५४चे खासरा पत्रक. गेल्या दोन-तीन वर्षांत निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून तर मराठवाड्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना भलतेच बरे दिवस आले आहेत. या लेखात मात्र मी ज्या नकलेची हकीकत सांगणार आहे, ती एका अमेरिकन मोटारीच्या काचेवर लावायच्या कागदाची आहे.

माझा भाचा औसा तालुक्यातला. शिकून अमेरिकेत गेला, मिशिगनमध्ये स्थिरावला. तिथे त्याने १९६७ची शेवरोले कॉर्व्हेट घेतली : दोन माणसांची, उघड्या टपाची, फायबरग्लासच्या अंगाची स्पोर्ट्‌स कार. अशा गाड्यांची तिकडे प्रदर्शने भरतात, आणि गाडीशेजारी तिचा मूळ विंडो स्टिकर मांडलेला असला की तिचे वजन वाढते. याच्या गाडीचा स्टिकर हरवलेला होता. तो म्हणाला, "मामा, तुम्ही आयुष्यभर खिळे जुळवलेत. एक कागद जुळवून द्या ना."

मी आधी त्या कागदाचा इतिहास धुंडाळला. १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात फोर्ड आणि शेवरोले यांची गाड्या खपवण्याची चढाओढ लागली होती. डीलरांकडे गाड्या तुंबल्या होत्या. गाडीवर किंमत लिहिलेली नसे. डीलर मनातल्या मनात चारशे-पाचशे डॉलर चढवी आणि तेवढेच जुन्या गाडीच्या बदल्यात उदारपणे 'देई'. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाई. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्‍रोनी यांनी याचा पिच्छा पुरवला आणि १९५८च्या जुलैत कायदा झाला. प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कारखान्यानेच कागद चिकटवायचा. त्यावर गाडीचा क्रमांक, ती शेवटी जोडली गेली ते ठिकाण, कोणत्या डीलरकडे आणि कशाने पाठवली, मूळ किंमत, प्रत्येक जादा वस्तूची वेगळी किंमत, वाहतूक खर्च आणि एकूण. गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधी तो मुद्दाम काढला किंवा बदलला तर एक हजार डॉलरपर्यंत दंड, नाहीतर वर्षापर्यंत कैद. तिकडे लोक त्या कागदाला अजून 'मन्‍रोनी' म्हणतात. किंमत ठरवणारा हा कायदा नव्हता, हे इथे लक्षात घ्यावे. डीलरने कितीलाही विकावी, फक्त कारखान्याने सुचवलेला आकडा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर राहावा, एवढेच.

आपल्याकडे त्या सुमारास उलटी गंगा वाहत होती. गाड्यांच्या वाटपावर आणि विक्रीवर १९५९पासून सरकारी नियंत्रण होते. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट घ्यायची तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची. पुढे किमतीही सरकारने बांधल्या आणि ते भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आमच्या काचेवरही एक कागद असे : डाव्या कोपऱ्यात गोल डबीतला टॅक्स टोकन. सरकारला कर मिळाला की नाही, एवढेच तो सांगे. घेणाऱ्याने काय मोजले याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. १९९०मध्ये साबणाच्या वडीवर सर्व करांसह किंमत छापणे सक्तीचे झाले, मोटारीवर ती कधी आली नाही.

तर अमेरिकेतला हा कागद कायद्याने जपलेला, पण फक्त विक्रीपर्यंत. गाडी घरी नेली की मालक पहिल्यांदा तो खरवडून काढी, कारण समोरचे दिसायला हवे. म्हणून आज तो दुर्मिळ. मग पुन्हा करायचा झाला तर आधार कशाचा? इथे कंपनीगणिक तऱ्हा आहे. फोर्डच्या १९६७पासूनच्या उत्पादनाच्या नोंदी टिकल्या, आणि ॲरिझोनातली मार्टी ऑटो वर्क्स ही संस्था त्यांवरून प्रत्येक गाडीचा उतारा देते. मस्टँगवाले त्यामुळे सुखी. शेवरोलेचे तसे नाही. कॅनडात विकलेल्या गाड्यांच्या नोंदी तिथल्या जनरल मोटर्सने ठेवल्या. तीच गाडी अमेरिकेत विकली गेली असेल तर तिच्या जादा वस्तूंची यादी कारखान्याकडून मिळत नाही. कॉर्व्हेटवाल्यांची एक जुनी संघटना आहे, ती गाडी कधी तयार झाली आणि कोणत्या डीलरकडे रवाना झाली, एवढा उतारा देऊ शकते. बाकी सगळे गाडीलाच विचारावे लागते.

दुसरा रस्ता सोपा. पैसे भरले की मालक सांगेल तो मजकूर छापून देणारे तिकडे पुष्कळ आहेत. भाच्याने मजकूर तयारच पाठवला होता. मूळ किंमत ४,२४०.७५ डॉलर, ती बरोबर. त्या वर्षी उघड्या टपाच्या कॉर्व्हेटची तीच होती. त्याखाली इंजिन : 'एल-७१', ४३५ अश्वशक्ती, जादा ४३७.१० डॉलर. मी विचारले, "हे कुठून घेतलंस?"

"विकणाऱ्यानं सांगितलं. इंजिन आहेच की गाडीत तसलं."

"असल कुठंय?"

तो हसला. त्याला वाटले मामांची खोड आहे. खोड आहेच.

गाडीचा क्रमांक १९४६७७एस ने सुरू होत होता. पहिला १ म्हणजे शेवरोले, ९४ म्हणजे कॉर्व्हेट, ६७ म्हणजे उघडे टप, पुढचा ७ म्हणजे वर्ष आणि एस म्हणजे सेंट लुइसचा कारखाना. आपल्या सातबाऱ्यासारखा नीट वाचता येणारा. पण इंजिन कोणते ते त्यात नाही. त्या काळच्या कॉर्व्हेटच्या क्रमांकात ते नसेच. १९६७ साली २२,९४० कॉर्व्हेट बनल्या आणि त्यांतल्या ३,७५४ गाड्यांत हे एल-७१ होते. म्हणजे सहातली एक. आज विकायला निघालेल्या गाड्या मोजल्या तर हे प्रमाण बरेच वाढलेले दिसेल, अशी मला दाट शंका आहे. दोन इंजिनांच्या मूळ किमतीतला फरक तीनशे-साडेतीनशे डॉलरचा. आजच्या बाजारात तो आपल्या कित्येक लाख रुपयांचा होतो.

इंजिनाच्या ठोकळ्यावर समोरच्या बाजूला एक सपाट पट्टी असते. तिच्यावर गाडीच्या क्रमांकाचा भाग आणि इंजिनाच्या प्रकाराची अक्षरे ठोकलेली असतात. भाच्याच्या गाडीत दोन्ही जुळत होती. पण कारखान्यात ठोकळा यंत्राने तासला जाई, त्याचे बारीक समांतर ओरखडे पट्टीवर राहत. नंतर कुणी जुने आकडे घासून नवे ठोकले की ते ओरखडे जातात. त्याने पाठवलेल्या फोटोत पट्टी आरशासारखी होती. जमिनीच्या कागदात एका आकड्याखालचा कागद जास्त पांढरा दिसला की मला जसे होते, तसे झाले.

एकच साक्षीदार उरला होता. कॉर्व्हेट जोडताना तिच्यात काय काय बसवायचे याची यादी सांकेतिक अक्षरांत छापलेली असे आणि ती जोडणाऱ्या कामगारांसाठी असे. १९६७च्या मॉडेलपासून या यादीची एक प्रत पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या अंगाला चिकटवलेली सापडते. टाकी खाली उतरवल्याशिवाय ती दिसत नाही, म्हणूनच ती टिकते. गिऱ्हाइकाने पाहावी असा तिचा हेतूच नव्हता. इतिहासाच्या साधनांत मला अशाच कागदांचा भरवसा वाटतो. मोठ्यांच्या बखरीपेक्षा कोठाराच्या हिशेबावर मी आधी विश्वास ठेवतो.

भाच्याने महिनाभर टाळाटाळ केली. मग एका पहाटे फोटो आला. कागद तपकिरी झालेला, एक कोपरा पेट्रोल आणि ओलीने खाल्लेला, पण इंजिनाची चौकट स्पष्ट होती. 'एल-७९'. ३५० अश्वशक्ती, जादा १०५.३५ डॉलर. मोठे इंजिन नंतर कुणीतरी बसवले होते आणि पट्टीवर आकडे ठोकले होते.

दोन दिवस त्याचा फोन नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामा, कागद तर तुम्हीच करणार. तुम्ही आणि मी सोडून कुणाला कळणार आहे?"

याचे उत्तर मला लगेच देता आले नाही. त्याला कागदाची एवढी ओढ का, ते मला माहीत होते. १९९३च्या सप्टेंबरात तो चौथीत होता. बहीण आणि तो गणपती बघायला नांदेडला आमच्याकडे आले होते. अनंत चतुर्दशीच्या रात्री विसर्जन झाले आणि ३० तारखेला पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना किल्लारीच्या पट्ट्यात जमीन हलली. सुमारे आठ हजार माणसे गेली. आमच्या घरातलीही गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, त्यातून कागदाची एक चिठी निघाली नाही. पुढे या पोराचा जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, घराची नोंद, सगळे नव्याने झाले, पंचनाम्यावर आणि शेजाऱ्यांच्या सांगण्यावर. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर जांभळ्या शाईत शिक्का आहे : 'दुय्यम प्रत'. लहानपणी त्याला त्या शिक्क्याची लाज वाटे. तो मिटवता येईल का, असे त्याने मला छापखान्यात एकदा विचारलेही होते.

मी त्याला तेच आठवून दिले. त्या दाखल्यावर तू अमेरिकेपर्यंत गेलास, म्हणालो. शिक्का होता म्हणून तो दाखला चालला. शिक्का नसता आणि कागद जुना भासवलेला असता, तर पहिल्याच कचेरीत अडला असता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "करा तुम्हाला वाटतं तसं."

त्याच वर्षाच्या दुसऱ्या एका गाडीचा टिकलेला स्टिकर त्याने नीट स्कॅन करून पाठवला. छापील चौकटी एका वळणाच्या, आणि आत यंत्राने उमटवलेले आकडे दुसऱ्या वळणाचे, किंचित वरखाली. हे वरखाली करायला आमच्या डीटीपीवाल्या पोराला जिवावर आले. संगणक सगळे सरळ करतो, वाकडे करायला सांगावे लागते. भाच्याची सूचना होती की कागदाला चहाचे पाणी लावून पिवळा करावा. ते मी मानले नाही. १९६७ साली गाडी नवी होती तेव्हा कागदही पांढराच होता.

खरी अडचण खाल्लेल्या कोपऱ्याची. तिथल्या तीन चौकटींत काय होते ते कळायला मार्ग नाही. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तेव्हापासून आपल्याकडे जुनी पत्रे छापण्याची जी शिस्त रुजली, तिच्यात फाटलेल्या जागी टिंबे देतात. संपादकाला मजकूर सुचत असला तरी टिंबेच. मी तीन ओळींवर टिंबे दिली. पण तीन वस्तूंच्या किमती नाहीत म्हटल्यावर बेरीजही होत नाही. 'एकूण' ही चौकट कोरी राहिली.

"किंमत नसलेला किमतीचा कागद?" भाचा म्हणाला. या वेळी मात्र तो हसत होता.

डीलरचे नाव संघटनेच्या उताऱ्यावरून घातले. तळाशी बारीक टाइपात इंग्रजीत दोन ओळी : ही पुन्हा तयार केलेली प्रत आहे, आधार टाकीवरची यादी आणि रवानगीचा उतारा, टिंबांच्या जागी मूळ वाचता आले नाही. माझ्या समाधानासाठी त्याखाली उर्दूत ते तीन शब्द टाकावेत असे मनात आले होते. टाकले नाहीत. असल आम्ही पाहिलेलेच नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात त्याने गाडी प्रदर्शनात उभी केली. मोठ्या इंजिनाजवळ पाटी लावली की हे नंतरचे आहे. बक्षीस काही मिळाले नाही. लोक मात्र स्टिकरपाशी थांबून त्या टिंबांविषयी विचारत होते, असे तो सांगतो. आता त्याने नवे काम दिले आहे. जुन्या गावठाणातल्या त्यांच्या घराची भूकंपाआधीची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये कुठे तालुक्याला राहिली असेल तर बघा, म्हणतो. किती खणांचे घर होते, एवढे तरी. दिवाळी झाली की औशाला जाणार आहे.