नाण्याचा ठसा आणि त्यावरचा मुलामा

श्रीरामपूरच्या आसपास कुठल्याही वीटभट्टीवर विटा थापणारा माणूस दर खेपेला साच्यात थोडी वाळू किंवा राख भुरभुरवतो. तसे केले नाही तर चिखल साच्याला धरून बसतो. साच्याला आतून काय लावावे, हा प्रश्न असा फार जुना आहे. त्याचे उत्तर साच्याशी कोणता पदार्थ भिडणार यावर ठरते. आपल्या खिशातल्या रुपयाची कथा याच प्रश्नाची आहे.

शिवराईचे ठसे हातोड्याने ठोकले जात. मुंबईची टांकसाळ 1829 साली उभी राहिली आणि वाफेच्या यंत्रांनी नाणी पाडू लागली. 1835 च्या कायद्याने ठरलेला रुपया 11.66 ग्रॅमचा होता आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी होती. चांदी मऊ धातू. ठशाचे पोलाद तापवून, विझवून कडक केले की काम भागे. वेगळ्या मुलाम्याची निकड नव्हती.

पुढे चांदी महागली. 1947 चा रुपया निकेलचा झाला, 1975 पासून तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचा, आणि 1992 पासून 17 टक्के क्रोमियम असलेल्या स्टेनलेस स्टीलचा. वर्गात लोहचुंबक घेऊन हे पडताळता येईल: 1947 चा व 1992 नंतरचा रुपया चुंबकाला चिकटतो, मधल्या काळातला चिकटत नाही. (साल छापले आहे त्याच्याखाली लहानशी चौकट दिसली, तर नाणे मुंबईचे.)

सरकारी खजिन्याची बचत झाली, पण ठशाचे हाल वाढले. स्टेनलेस स्टील दाबताना कडक होत जाते. शिवाय त्याच्यावरचा ऑक्साइडचा पातळ पापुद्रा दाबाखाली फाटतो, उघडा धातू ठशाच्या पोलादाला भिडतो आणि तिथे चक्क जोड बसतो. नाणे सुटताना ठशाचा कण तरी ओढला जातो किंवा नाण्याचा कण ठशावर राहतो. अक्षरांच्या कडा बिघडायला एवढे पुरेसे आहे.

यावरचा रूढ उपाय क्रोमियमचा मुलामा. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी 1920 च्या दशकात त्याची विद्युतविलेपनाची पद्धत कारखान्यात वापरता येईल अशी केली. क्रोमिक आम्लाच्या द्रावणात त्याच्या शंभराव्या भागाइतके सल्फेट असावे लागते. प्रमाण चुकले की मुलामा नीट बसत नाही. जाडी काही मायक्रॉनच ठेवायची, नाहीतर बारीक अक्षरे बुजतात. आणि विद्युतप्रवाह कडांवर एकवटत असल्याने मुलामा नेमका तिथेच जाड होतो!

मग टायटॅनियम नायट्राइड का नको? सोनेरी रंगाचा हा लेप क्रोमियमच्या दुपटीने कठीण असतो, आणि 1980 च्या दशकात तो कापण्याच्या हत्यारांवर सर्रास दिसू लागला. पण निर्वात पेटीत तो चढवताना तापमान साधारण 450 अंश सेल्सियसपर्यंत जाते. कमी तापमानाला पाणी दिलेले पोलाद तेवढ्या उष्णतेत मऊ पडते. वरचा थर कठीण आणि आतला आधार ढिला, म्हणजे दाब आला की थर तडकणारच. क्रोमियमची टाकी जेमतेम 55 अंशांवर चालते, त्यामुळे ठशाचा कडकपणा शाबूत राहतो. अधिक कठीण लेपाच्या मोहापायी हा हिशेब विसरणारे माझ्या पाहण्यात अनेक आहेत. तो लेप हवाच असेल, तर पोलादही उच्च तापमान सोसणारे निवडावे लागते. परदेशांतील काही टांकसाळींनी अलीकडे असा मार्ग धरला आहे.

त्यामागे आणखी एक कारण आहे. ठशावर बसलेले क्रोमियम निरुपद्रवी असते, पण टाकीतले सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक आहे. टाकीवरचा फवारा श्वासात जातो, टाकीजवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या. युरोपात 2017 पासून त्याच्या वापराला खास परवानगी लागते.