खोटं गिऱ्हाईक, खरा अहवाल

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस आज दुकानदारीवर बोलणार, म्हणून काही जणांना नवल वाटेल. पण विषय वाटतो तेवढा लांबचा नाही. आपण वर्तमानपत्रात कायम वाचतो, 'पोलिसांनी बनावट ग्राहक पाठवून खातरजमा केली आणि छापा टाकला.' हा जो बनावट ग्राहक आहे ना, त्याचा पगारी, बारमाही, कायदेशीर अवतार म्हणजे अमेरिकेतला 'मिस्टरी शॉपर'. गिऱ्हाईक म्हणून दुकानात जायचं, थोडी खरेदी करायची, सगळं टिपायचं आणि घरी येऊन अहवाल पाठवायचा. याला जोडूनच 'मर्चंडायझिंग' नावाचं दुसरं काम असतं. दुसऱ्याच्या दुकानात जाऊन एखाद्या कंपनीचा माल फळीवर लावायचा, मोजायचा, पाट्या बदलायच्या. ही दोन्ही कामं बऱ्याचदा एकच माणूस करतो. नोकरी म्हणून नाही, तर सुटी सुटी, कामागणिक पैसे घेऊन.

मला हा विषय पुस्तकात सापडला नाही, जेवणाच्या टेबलावर सापडला. २००९ साली मी मुलीकडे न्यू जर्सीला होतो. शेजारी एक मराठी ताई राहायच्या. मुलं शाळेत गेली की त्या ही कामं करायच्या. एक दिवस म्हणाल्या, "काका, चला, आज जेवायला नेते. पैसे कंपनी देणार आहे." आम्ही एका रेस्टॉरंटात गेलो. ताईंचा एक हात टेबलाखाली, हातात घड्याळ. वाढणारी मुलगी किती मिनिटांनी आली, तिनं स्वतःचं नाव सांगितलं का, गोड पदार्थ घेणार का असं विचारलं का, स्वच्छतागृह कसं होतं, सगळं मनात टिपणं चालू. मला खोकला येत होता. त्या मुलीनं तो ऐकला आणि न मागता गरम पाणी आणून ठेवलं, वर लिंबाची फोडही दिली. मात्र गोडाचं विचारायला ती विसरली.

रात्री ताई अहवाल भरत होत्या. मी विचारलं, "गरम पाण्याचं लिहिलंत का?" त्या म्हणाल्या, "काका, त्याला रकाना नाही. गोडाचं विचारलं नाही, त्याला आहे." त्या मुलीचं पुढे काय झालं, काहीच झालं नसेल कदाचित, ते मला कळायला मार्ग नाही. तिलाही कळलं नसणार, की खोकणारा तो म्हातारा तिच्या परीक्षेला बसलेल्या पथकातला होता. जेवलो मी फुकट. ते अजून पचलेलं नाही. म्हणून आजचं व्याख्यान.

आता इतिहास पाहू. वेषांतर म्हटलं की आपल्याला बहिर्जी नाईक आठवतात. त्याच्याही मागे गेलं तर कौटिल्य. अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात गूढपुरुष आहेत. कोणी तापस, कोणी गृहस्थ, कोणी व्यापारी, अशा वेषात फिरणारे. तिथेच 'उपधा' सांगितल्या आहेत. धर्म, अर्थ, काम आणि भय या चार मार्गांनी मुद्दाम मोहात किंवा धाकात पाडून माणूस शुद्ध आहे का ते पाहायचं. पण या उपधा कोणासाठी? अमात्यांसाठी. ज्याच्या हाती सत्ता द्यायची, त्याची परीक्षा. हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

आधुनिक गोष्ट सुरू होते अमेरिकन रेल्वेत. ॲलन पिंकर्टन हा मूळचा ग्लासगोचा, पिंपं बनवणारा कारागीर. १८५० च्या सुमारास त्यानं शिकागोत खासगी गुप्तहेर संस्था काढली. त्या काळी गाडीतला कंडक्टर बऱ्याच उतारूंकडून रोख भाडं घ्यायचा. मालक शेकडो मैल लांब. कंडक्टरनं किती घेतले आणि किती भरले, हे सांगणार कोण? पिंकर्टननं साध्या उतारूच्या वेषात माणसं बसवली. ती उतारू मोजायची, भाडं मोजायची आणि तो आकडा कंडक्टरच्या हिशेबाशी ताडून पाहिला जायचा. १८५५ साली अशाच पुराव्यावर एका कंडक्टरला शिक्षा झाली. १८६७ मध्ये तर कंडक्टरांच्या या चाचण्यांवर पिंकर्टनच्या संस्थेनं पुस्तिकाच छापली. रेल्वे कामगार या माणसांना 'स्पॉटर' म्हणत आणि त्यांचा मनापासून द्वेष करत.

अडचण खरी होती, हे मान्य करायला हवं. धंदा मोठा झाला की मालक आणि गल्ला यांच्यात अंतर पडतं. आपल्या वाण्याला मिस्टरी शॉपर लागत नाही, तो स्वतः गल्ल्यावर बसलेला असतो. डेटन, ओहायो इथल्या जेम्स रिटी या दारूच्या गुत्त्याच्या मालकानं १८७९ मध्ये याच दुखण्यावर यंत्र शोधलं, ते म्हणजे कॅश रजिस्टर. त्याच्या एका नमुन्याचं नावच 'न भ्रष्ट होणारा रोखपाल' अशा अर्थाचं होतं. आकडा गिऱ्हाइकाला दिसायचा. म्हणजे गिऱ्हाईक नकळत साक्षीदार झालं. त्यालाच पगार दिला, की झाला मिस्टरी शॉपर.

विसाव्या शतकात विक्रेत्यांच्या चाचण्या घेणाऱ्या कंपन्या निघाल्या. १९४० च्या दशकात विल्मार्क या कंपनीनं 'मिस्टरी शॉपिंग' हा शब्द रूढ केला, असं या धंद्यात सांगतात. इथे एक मोठा बदल झालेला दिसतो. सुरुवातीला प्रश्न होता, 'पैसे चोरले का?' हळूहळू झाला, 'हसून बोलली का?' प्रामाणिकपणा तपासणारा माणूस आता आपुलकी तपासू लागला. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये 'द मॅनेज्ड हार्ट' या पुस्तकात विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून याला 'भावनिक श्रम' हे नाव दिलं. चोरी झाली की नाही, याला उत्तर असतं. हसणं मनापासूनचं होतं का, याला 'हो' किंवा 'नाही' असा रकाना कसा करणार? पण केला.

दुसऱ्या कामाचाही इतिहास थोडक्यात सांगतो. १९१६ मध्ये मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्सनं 'पिग्ली विग्ली' नावाचं दुकान उघडलं. गिऱ्हाइकानं स्वतः फिरायचं, स्वतः उचलायचं. त्याआधी तिकडेही आपल्यासारखाच काउंटर होता, 'अहो, पावशेर द्या' म्हणायचं. काउंटर गेला आणि माल सांगणारा माणूसही गेला. आता मालानं फळीवरून स्वतःच बोलायचं. मग कुठला डबा डोळ्यांच्या उंचीवर, कुठला खाली, याचे नकाशे निघाले. त्याला 'प्लॅनोग्राम' म्हणतात. नकाशाप्रमाणे फळ्या लावायला माणूस लागतोच. तो दुकानाचा नोकर असेल, कंपनीचा असेल किंवा कोणाचाच नसेल. आमच्या ताई त्या दिवशी सकाळी औषधांच्या दुकानात शुभेच्छापत्रं लावून आल्या होत्या आणि दुपारी मला जेवायला घेऊन गेल्या.

'कोणाचाच नसेल' म्हणालो ते महत्त्वाचं आहे. पिंकर्टनचा स्पॉटर पगारी माणूस होता. आजचा मिस्टरी शॉपर बहुधा 'स्वतंत्र कंत्राटदार' असतो. अमेरिकेत किमान वेतनाचा केंद्रीय कायदा १९३८ चा. तो नोकरांना लागू आहे, कंत्राटदारांना नाही. पेट्रोल स्वतःचं, गाडी स्वतःची, खरेदीचे पैसेही आधी स्वतःच घालायचे. अहवालात एखादी वेळ चुकली किंवा पावतीचा फोटो नीट आला नाही, तर अहवाल नामंजूर, पैसे नाहीत. ताई मला म्हणाल्या होत्या, "काका, मी तिला मार्क देते आणि मला मार्क देणारा तिसराच कोणीतरी असतो. त्याला मी कधी पाहिलेलं नाही."

शिवाय या कामाच्या नावावर ठकही जगतात. तुम्हाला 'निवड झाली' म्हणून धनादेश येतो. 'बँकेत भरा, तुमचा मेहनताना ठेवा, उरलेले पुढे पाठवा किंवा गिफ्ट कार्डं घेऊन त्यांचे नंबर कळवा.' काही दिवसांनी धनादेश खोटा निघतो आणि पाठवलेले पैसे तुमचे गेलेले असतात. अमेरिकेचा फेडरल ट्रेड कमिशन याबद्दल वारंवार इशारे देतो. तुमची मुलंबाळं तिकडे असतील तर त्यांना एवढं जरूर सांगा की खरं काम देणारा आधी धनादेश पाठवून पैसे परत मागत नाही.

आता मुख्य प्रश्न. वेष घेऊन परीक्षा घेणं वाईट का? मला तसं वाटत नाही. तीन उदाहरणं देतो.

पहिलं, व्हर्जिनियातलं. १९७८ मध्ये सिल्व्हिया कोलमन या कृष्णवर्णीय बाई घर भाड्यानं हवं म्हणून चौकशीला गेल्या. त्यांना सांगितलं, जागा नाही. त्याच संस्थेनं गोऱ्या माणसाला सांगितलं, जागा आहे. दोघेही बनावट ग्राहक होते, भेदभाव तपासायला पाठवलेले. कंपनी म्हणाली, यांना घर नकोच होतं, मग तक्रार कसली? १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की खरी माहिती मिळणं हा कायद्यानं दिलेला हक्क आहे. ज्या कोलमनबाईंना खोटं सांगितलं गेलं, त्यांना घर घ्यायचं नसलं तरी दाद मागता येईल.

दुसरं, आपल्या साताऱ्याचं. गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा १९९४ चा. बंद दाराआड चालणारा गुन्हा सिद्ध करायचा कसा? ॲडव्होकेट वर्षा देशपांडे आणि त्यांच्या लेक लाडकी अभियानानं गरोदर बायकांनाच बनावट ग्राहक म्हणून डॉक्टरांकडे नेलं. पोटात मूल असताना अशा ठिकाणी जाणाऱ्या त्या बायकांचं धैर्य किती असेल, विचार करा.

तिसरं, मुंबई आणि पाटणा. तिथे संशोधकांनी क्षयाची लक्षणं सांगणारे प्रशिक्षित 'रुग्ण' खासगी डॉक्टरांकडे पाठवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अडीच हजारांवर भेटी होत्या आणि साधारण एक तृतीयांश भेटींतच योग्य उपचार झाला. पण त्यात कुठल्या डॉक्टरचं नाव घेऊन शिक्षा नव्हती. परीक्षा व्यवस्थेची होती.

या तिन्ही ठिकाणी खालचा माणूस वरच्याची परीक्षा घेतो. दुकानात मात्र उलटं होतं. वरचा माणूस, खालच्याच एकाला भाड्यानं घेऊन, खालच्याच दुसऱ्याची परीक्षा घेतो. आणि वरच्याला ती नको असेल तर काय होतं, तेही पाहा. २०११ मध्ये अमेरिकी सरकारनं ठरवलं की खोटे रुग्ण डॉक्टरांना फोन करतील आणि गरिबांच्या विम्यावर भेटीची वेळ मिळते का ते पाहतील. बातमी फुटली, डॉक्टरांनी ओरड केली, दोन-तीन दिवसांत योजना गुंडाळली. वेट्रेसच्या ओरडण्यानं असं काही गुंडाळलं गेल्याचं माझ्या वाचनात नाही. कौटिल्यानं अमात्यांसाठी सांगितलेली उपधा आपण काउंटरपलीकडच्या मुलीवर आणून ठेवली.

कांटनं १७९५ च्या 'शाश्वत शांतते'वरच्या निबंधात एक कसोटी दिली आहे. दुसऱ्याच्या हक्काला स्पर्श करणारी कृती ज्या तत्त्वावर चालते, ते तत्त्व उघड सांगितल्यावर टिकत नसेल, तर ती कृती अन्याय्य. ती इथे लावून पाहू. लोकलमध्ये साध्या वेषातला टीसी असतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कोण, ते माहीत नाही. माणूस गुप्त, नियम उघड. त्यात मला अन्याय दिसत नाही. अन्याय होतो तो निकाल गुप्त राहतो तेव्हा. माझ्याविषयी काय लिहिलं ते मला दाखवत नाहीत आणि त्यावर मला बोलता येत नाही, तेव्हा.

हे केवळ माझं तत्त्वज्ञान नाही. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यात कलम २९३० आहे. बाहेरच्या अशा तपासनिसाच्या अहवालावरून नोकराला काढायचं किंवा शिक्षा करायची असेल, तर आधी त्या अहवालाची प्रत त्याच्या हातात द्यावी लागते. एवढंच. वेषाला बंदी नाही. पण ज्याच्याविषयी लिहिलं, त्यानं ते वाचायचं. तिथे ती मुलगी म्हणू शकली असती, "गोडाचं विचारलं नाही खरं. पण त्यांच्यातल्या आजोबांना खोकला येत होता, त्यांना मी गरम पाणी दिलं होतं."

आज आपण सगळेच थोडेफार मिस्टरी शॉपर झालो आहोत. रिक्षातून उतरलो की तारे देतो, जेवण पोचवणाऱ्या पोराला तारे देतो, आणि त्याचं पुढे काय होतं ते विचारत नाही. तेव्हा पुढच्या वेळी अंगठा दाबण्याआधी एवढंच पाहा की त्या पोरानं केलेल्या कामाला तिथे रकाना आहे का. नसेल, तर निदान त्याला तोंडानं सांगा.

मी त्या मुलीला सांगितलं नाही.