सफरचंदवालीच्या टेबलाखालचा अर्ज



कायदा म्हणजे वकिलांचं काम आणि कारभार म्हणजे पुढाऱ्यांचं, असं आपण सहज बोलून जातो. पण सातबाऱ्यावर नाव कुणाचं, घर कुणाच्या नावावर, मुलाच्या दाखल्यावर सही कुणाची चालते, या सगळ्यातून कायदा आपल्या चुलीपर्यंत येऊन बसलेला असतो. त्याला आपण ओळखतो का, एवढाच प्रश्न.

आज मी तुम्हाला लंडनमधल्या एका बायकांच्या मंडळाची हकीकत सांगणार आहे. दीडशेहून जास्त वर्षं झाली त्याला. या मंडळात एकही वकील नव्हती, कारण बाईला वकील होताच येत नव्हतं. पार्लमेंटच्या निवडणुकीत मत द्यायचा अधिकार एकीलाही नव्हता. या बायका फक्त प्रश्न काढायच्या, उत्तरं लिहायच्या आणि त्यावर बोलायच्या. त्यातून काय उभं राहिलं ते ऐका. गोष्ट विलायतेची असली तरी तिचा एक धागा आपल्या पंडिता रमाबाईंपर्यंत आणि दुसरा डॉक्टर रखमाबाईंपर्यंत येतो.

आधी त्या वेळचा इंग्लंडचा कायदा काय होता ते पाहू. राणी व्हिक्टोरिया गादीवर होती, पण तिच्या राज्यातल्या बाईचं लग्न झालं की कायद्याच्या नजरेत तिचं वेगळं अस्तित्व संपायचं. नवरा-बायको मिळून एक माणूस, आणि तो माणूस म्हणजे नवरा. तिच्याकडचे पैसे आणि दागिने त्याचे. तिनं कष्ट करून मिळवलेली मजुरीसुद्धा त्याची. त्याच्या संमतीशिवाय तिला मृत्युपत्र करता येत नसे. मुलांचा ताबा बापाचा. श्रीमंत घरची माणसं मुलीच्या नावानं वेगळा दस्त करून तिची इस्टेट राखायची, पण दस्त करायला पैसा लागतो. धुणं धुणारी, शिवणकाम करणारी बाई तो कुठून आणणार?

बार्बरा ली स्मिथ नावाच्या एका तरुणीनं हे सगळं एका लहानशा पुस्तिकेत मांडलं. साल १८५४. तिच्या वडिलांनी मुलाला आणि मुलीला सारखाच वाटा दिला होता, त्यामुळे हातात स्वतःचा पैसा असला की बाई किती मोकळी राहते हे तिला ठाऊक होतं. तिनं पुस्तिकेचं नावच ठेवलं होतं की बायकांविषयीचे महत्त्वाचे कायदे साध्या भाषेत थोडक्यात. कुमारिकेसाठी कायदा काय, लग्न झालेलीसाठी काय, विधवेसाठी काय, असं ओळीनं सांगितलं. राग नाही, भाषण नाही. स्वतःचं मत शेवटी, वेगळं. ज्यांनी हे वाचलं त्यांतल्या कितीतरी जणींना आपण कुठल्या कायद्याखाली नांदतो आहोत हे पहिल्यांदाच कळलं. मग बार्बरा आणि तिच्या मैत्रिणींनी गावोगाव सह्या गोळा केल्या. १८५६ साली लग्न झालेल्या बाईची मालमत्ता तिचीच राहावी अशी मागणी सुमारे २६ हजार सह्यांनिशी पार्लमेंटपुढे गेली. कायदा झाला नाही. पण कायदा आधी साध्या भाषेत समजून घ्यायचा आणि मग मागणी करायची, ही वाट पडली.

आता आपण मंडळाकडे येऊ. १८६५च्या मे महिन्यात लंडनच्या केन्सिंग्टन भागात शार्लट मॅनिंग यांच्या घरी काही बायका जमल्या. मॅनिंगबाई विद्वान होत्या. प्राचीन भारताविषयी त्यांनी ग्रंथ लिहिले आहेत. त्या अध्यक्ष झाल्या आणि एमिली डेव्हिस चिटणीस. भाग केन्सिंग्टन, म्हणून मंडळाचं नाव केन्सिंग्टन सोसायटी. वर्षाची वर्गणी अगदी थोडी. हळूहळू साठेक बायका सभासद झाल्या. बार्बरा होतीच, तिचं लग्न होऊन ती आता बार्बरा बोदिशाँ झाली होती. एलिझाबेथ गॅरेट होती, जिनं त्याच वर्षी डॉक्टरकीचा परवाना मिळवला. डोरोथिया बील आणि फ्रान्सिस बस या मुलींच्या शाळांच्या मुख्याध्यापिका होत्या. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांची सावत्र मुलगी हेलन टेलरही होती.

या मंडळाची कामाची रीत मला फार आवडते. बैठकीच्या आधी प्रश्न ठरवायचे आणि सगळ्यांना कळवायचे. ज्यांना उत्तर सुचेल त्यांनी ते लिहून पाठवायचं. लंडनबाहेर राहणारीलाही लिहून भाग घेता यायचा. मग बैठकीत ते निबंध वाचायचे आणि त्यावर चर्चा करायची. तुम्ही म्हणाल, लिहायचं कशाला, नुसतं बोललं तर चालत नाही का? चालतं की. पण बोलताना ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. लिहायला बसलं की आपलं म्हणणं नेमकं काय आहे हे आधी आपल्यालाच ठरवावं लागतं. शिवाय त्या काळी बाईनं चारचौघांत उभं राहून बोलणं शिष्टपणाचं धरत नसत. जिला बोलायची भीती वाटायची ती कागदावर तरी निर्भयपणे लिहू शकायची.

पहिल्या प्रश्नांपैकी एक होता, आईबापांच्या अधिकाराचा पाया काय आणि त्याला मर्यादा कोणती? वाटायला घरगुती प्रश्न, पण मुलांवर हक्क कुणाचा हा कायद्याचाच विषय. नोव्हेंबर १८६५च्या बैठकीत दुसरा प्रश्न आला. पार्लमेंटच्या निवडणुकीत बायकांना मताचा अधिकार द्यावा का, आणि द्यावा तर कोणत्या अटींवर? बार्बरानं त्यावर निबंध लिहिला. जी बाई घर चालवते, कर भरते, तिला तो कर लावणाऱ्यांच्या निवडीत बोलायची मुभा का नसावी, हा मुद्दा होता. चर्चेअंती सभासदांचं बहुमत मताच्या अधिकाराच्या बाजूनं पडलं.

पण मैत्रिणींनो, बहुमत झालं म्हणून सगळ्या एका दमात रस्त्यावर उतरल्या नाहीत. एमिली डेव्हिस कचरत होत्या. मताचा अधिकार बाईला असावा याविषयी त्यांना शंका नव्हती. पण केम्ब्रिज विद्यापीठाच्या शालेय परीक्षा मुलींना खुल्या व्हाव्यात म्हणून त्या झगडल्या होत्या आणि त्याच वर्षी त्यात यश आलं होतं. मताची मागणी लोकांना फार आगाऊ वाटली तर मुलींच्या शिक्षणाचं नुकतंच उघडलेलं दारही बंद होईल, ही त्यांची भीती. ही भीती खोटी नव्हती. आपल्याकडेही शाळा आधी की हक्क आधी हा वाद घराघरात झालेला आहे. त्यांनी एक शहाणपणा केला. मंडळ चर्चेसाठीच ठेवलं, आणि मताचा अर्ज काढायची वेळ आली तेव्हा त्याच गोतावळ्यातल्या काही जणींनी वेगळी लहान समिती केली. त्यामुळे ज्यांचं मत वेगळं त्यांना मंडळ सोडावं लागलं नाही.

संधी आली १८६६ साली. कोणकोणत्या पुरुषांना नव्यानं मत द्यायचं याची चर्चा पार्लमेंटात सुरू होती. मिलसाहेब आदल्या वर्षीच खासदार झाले होते. त्यांच्या प्रचाराला बार्बरा आणि तिच्या मैत्रिणी गाडीतून फिरल्या होत्या. मे महिन्यात बार्बरानं हेलनला पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं की निदान शंभर सह्या मिळाल्या तर मिल अर्ज मांडतील.

आता अर्जात लिहायचं काय? इथं त्या मंडळातल्या लिखाणाचा उपयोग झाला. लग्न झालेल्या बाईसाठीही मत मागायचं का? मागावं तर पुरुष बिथरणार. नुसतं कुमारिका आणि विधवांसाठी मागावं तर बायकांनीच लग्न झालेलीला बाजूला सारल्यासारखं होणार. डेव्हिसबाईंना मर्यादित मागणी बरी वाटत होती, हेलनला ती मान्य नव्हती. शेवटी शब्द असे योजले की स्त्री-पुरुष भेद न करता, पार्लमेंट ठरवेल तेवढी मालमत्ता किंवा घरभाडं असलेल्या सर्व घरधन्यांना मत द्यावं. लग्न झालेलीचं नाव नाही आणि तिला वगळलंही नाही. मात्र तिच्या नावावर कायद्यानं काहीच नसल्यामुळे प्रत्यक्षात तिला मत मिळणार नव्हतं. पुढची कितीतरी वर्षं या एका मुद्द्यावरून चळवळीत भांडणं झाली.

सह्या शंभर हव्या होत्या. अवघ्या काही आठवड्यांत जमल्या १४९९. त्यात शास्त्रज्ञ मेरी सॉमरव्हिल होत्या, लेखिका हॅरिएट मार्टिनो होत्या, आणि शिवणकाम करणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या बायकाही होत्या. ७ जून १८६६ रोजी एमिली डेव्हिस आणि एलिझाबेथ गॅरेट हे भलंमोठं भेंडोळं घेऊन वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये गेल्या. मिल यांची वाट पाहत उभ्या राहिल्या, पण एवढं भेंडोळं हातात धरून पुरुषांच्या गर्दीत उभं राहायचा त्यांना संकोच वाटू लागला. तिथं एक सफरचंदवाली बसली होती. तिला विनंती केली, तेव्हा तिनं ते आपल्या टेबलाखाली ठेवून घेतलं. ते काय आहे हे कळल्यावर तिनंही त्यावर सही केली, असंही सांगतात. मिल आले, भेंडोळं बाहेर निघालं आणि त्यांनी ते सभागृहात मांडलं.

पुढच्या वर्षी, २० मे १८६७ला, मिल यांनी दुरुस्ती सुचवली. कायद्यात ‘पुरुष’ शब्द आहे तिथं ‘व्यक्ती’ घाला. बाजूनं ७३ मतं, विरोधात १९६. हरले. पण ७३ खासदारांनी हो म्हणावं, हीच अनेकांना नवलाची गोष्ट वाटली.

१८६८ साली केन्सिंग्टन सोसायटी बंद झाली. तीनच वर्षं चालली म्हणून तिला फसलेली म्हणाल का? मग पुढचा हिशेब बघा. बार्बराचं भाषण ऐकून मँचेस्टरची लिडिया बेकर चळवळीत उतरली आणि तिनं ती देशभर नेली. १८६९ साली एमिली डेव्हिस यांनी बायकांचं कॉलेज काढलं, तेच पुढे केम्ब्रिजचं गर्टन कॉलेज झालं. सुरुवातीच्या दिवसांत त्याची धुरा मंडळाच्या अध्यक्ष मॅनिंगबाईंनीच वाहिली. १८७० साली लंडनच्या शाळा मंडळाच्या निवडणुकीत डेव्हिस आणि गॅरेट दोघी निवडून आल्या. त्याच वर्षी बाईची कमाई तिची राहील असा कायदा झाला, आणि १८८२ साली तिची सगळी मालमत्ता तिची राहील असा. पार्लमेंटचं मत मिळायला मात्र १९१८ साल उजाडलं, तेही तिशी ओलांडलेल्या आणि काही अटी पुऱ्या करणाऱ्या बायकांना. पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळालं १९२८ला. बार्बरा तोवर वारली होती, एलिझाबेथही १९१७ साली गेली. डेव्हिसबाई मात्र ८८ वर्षांच्या वयात जाऊन मत देऊन आल्या.

आणि आता आपला धागा. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि त्याच वर्षी सरकारच्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन मुलींसाठी स्त्री शिक्षक आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात असं सांगितलं. पुढे त्या इंग्लंडला गेल्या आणि चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात राहून शिकल्या, तिथं संस्कृत शिकवलंही. त्या कॉलेजच्या प्राचार्य कोण? मंडळातल्या डोरोथिया बील. आणि रखमाबाई? लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला. १८८७ साली मुंबईच्या हायकोर्टानं त्यांना नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं सांगितलं. त्या डगमगल्या नाहीत. तडजोड होऊन खटला संपल्यावर त्या लंडनला डॉक्टरकी शिकायला गेल्या. ज्या बायकांच्या मेडिकल स्कूलमध्ये त्या शिकल्या त्याची प्रमुख होती एलिझाबेथ गॅरेट अँडरसन, सफरचंदवालीकडे भेंडोळं ठेवणाऱ्या दोघींपैकी एक. १९२१ साली मुंबई प्रांताच्या कायदेमंडळानं ठराव केला की बाई आहे एवढ्या कारणानं कुणाचं मत नाकारायचं नाही. मालमत्तेची अट तिथंही होतीच.

या मंडळाची उणीवही सांगायला हवी. ते ओळखीपाळखीच्या, शिकलेल्या, बऱ्या घरच्या बायकांचं होतं. धुणंवाली तिथं निबंध वाचायला आली नाही. म्हणून अर्जातही घर आणि भाडं आलं, राबणारी बेघर बाई आली नाही. ज्या बैठकीत जी नसते तिचा प्रश्न कागदावर येत नाही, हे आपण आपल्या गटात ध्यानात ठेवायला हवं.

महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी असा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी ती सह्यांपुरती उरते. पुढच्या सभेच्या पंधरा दिवस आधी बचत गटाच्या बैठकीत दोनच प्रश्न काढून बघा. पाणीपुरवठ्याचे पैसे कुठं गेले, घरकुल कुणाच्या नावावर होतं, असे अगदी साधे. प्रत्येकीनं उत्तर लिहून आणायचं, जिला लिहिता येत नाही तिचं दुसरीनं लिहून घ्यायचं. मग ते सगळ्यांसमोर वाचायचं, जिचं मत वेगळं असेल तिचंही. आणि सभेत जाताना तोच कागद बरोबर न्यायचा, खाली सगळ्यांच्या सह्या घेऊन.