गुन्ह्याचे मोजमाप : ‘साहस’ ते ‘दखलपात्र’

बंगळुरूच्या ‘अठारा कचेरी’चे बांधकाम १८६८ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा म्हैसूरचा कारभार इंग्रज आयुक्तांच्या हाती होता. शासनाच्या अठरा खात्यांवरून नाव मिळालेल्या या वास्तूत आज कर्नाटकाचे उच्च न्यायालय आहे. तेथील फौजदारी न्याय ज्या संहितांवर उभा राहिला, त्यांनी गुन्ह्यांची प्रतवारी नव्या निकषांवर केली.

जुनी प्रतवारीही याच भूमीतली. विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ कल्याणच्या चालुक्य दरबारात रचली गेली. तिच्या आधारभूत याज्ञवल्क्यस्मृतीत दंडाच्या तीन पायऱ्या आहेत : उत्तम साहस १०८० पण, मध्यम ५४० आणि अधम २७०. येथे ‘साहस’ म्हणजे बळजोरीचे कृत्य, तसेच त्यावरील दंडही. मराठीत पुढे या शब्दाला धाडसाचा अर्थ चिकटला. हे मोजमाप कृत्याचे होते, पण कर्त्याचा आणि पीडिताचा वर्णही त्यात मोजला जाई.

१८६० च्या दंडसंहितेने वर्णभेद वगळला. १८६१ च्या प्रक्रियासंहितेने मात्र वेगळाच प्रश्न विचारला : अधिपत्राशिवाय पोलिसांना अटक करता येते काय? या भेदाला हिंदी आणि कन्नड कायद्यात ‘संज्ञेय’ हे संस्कृत नाव मिळाले. मराठीने अरबी ‘दखल’ला संस्कृत ‘पात्र’ जोडून ‘दखलपात्र’ व ‘अदखलपात्र’ हे शब्द घडवले. पारिभाषिक अर्थ पोलिसांच्या अधिकारापुरता असला, तरी श्रोत्याला ऐकू येते ते ‘लक्ष देण्याजोगे’ आणि ‘लक्ष देण्याजोगे नसलेले’.

गांभीर्य आणि दखल यांची सांगड नेहमीच बसत नाही. पती किंवा पत्नी हयात असताना दुसरा विवाह करण्यास सात वर्षांपर्यंत कारावास आहे, तरी तो गुन्हा अदखलपात्र. तीन वर्षांपर्यंत शिक्षेची साधी चोरी मात्र दखलपात्र. ही रेषा अचलही नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेत पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी, वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यास, समाजसेवेच्या शिक्षेपुरती उरते आणि अदखलपात्र ठरते.

म्हणून ‘अदखलपात्र’ हा शब्द दुःखाचे मोजमाप नव्हे. राज्यसंस्थेने आपल्या हाताला स्वतःच घातलेली ती मर्यादा आहे. परंतु फसवल्या गेलेल्या पत्नीला पोलीस ठाण्यात हा शब्द ऐकवला जातो, तेव्हा तिच्या कानी पडतो तो रूढ अर्थ. तिची तक्रार दंडाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचणार की ठाण्याच्या उंबरठ्यावरच थांबणार, हे पुष्कळदा या दोन अर्थांमधील अंतरावर ठरते.